आवतण न घेणारा बैल

फार फार पूर्वी, जनावरे बोलत असत त्या काळी, एका गावात ही गोष्ट घडली. तिथी होती श्रावण वद्य चतुर्दशी. सकाळभर भुरभुर पाऊस होता. दुपारी उघडले आणि गोठ्यांतून वाफ निघू लागली. दुसऱ्या दिवशी पोळा होता.

कोशा नावाचा बैल आपला जोडीदार हरण्या याच्याशेजारी उभा होता. हरण्याच्या तोंडात फोड आले होते. पुढ्यातला चारा तसाच पडून होता. कोशा आतून धुमसत होता. का, ते ऐका.

दोघांचा धनी कापड रंगवण्याच्या रंगशाळेचा मालक. त्याचे निळे कापड थेट दरबारात जाई. त्याचा बाप होता तोवर हौदांच्या तळाचा गाळ वाया जात नसे. त्यातला रंग पुन्हा काढून घेत आणि उरलेला मोरचुदाचा विषारी चोथा चुनेगच्ची खड्ड्यात बंद करत. मुलाला ही नसती उठाठेव वाटली. गाळ गाडीत भरा आणि टेकडीपलीकडे ओता, असा त्याने हुकूम सोडला.

अंगण आरशासारखे झाले. राजाचे कारभारी आले, अंगण पाहून खूश झाले, स्वच्छतेचे निशाण दारावर लावून गेले. टेकडी चढायची तसदी एकानेही घेतली नाही.

टेकडीपलीकडे गावाचे गायरान होते. गाळाची गाडी ओढत कोशा आणि हरण्या, आणि जू उतरले की चरायला जात तेही तिथेच. म्हणजे विष वाहायला बैल, आणि चाखायलाही बैलच!

संध्याकाळी धनी लोणी-हळद घेऊन गोठ्यात आला. त्याने दोघांचे खांदे मळले आणि रीतीप्रमाणे हात जोडले. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

कोशाने मान वळवली. "हरण्याला विचारा, धनी. जेवणार का तो?"

धनी म्हणाला, पावसाळ्यात जनावरांना असे रोग होतातच.

"रोग नाही हा. तुमचं अंगण तुम्ही आमच्या ताटात झाडलंत. आणि त्याच ताटावर जेवायला बोलावता? नको तुमचं आवतण."

धनी हसला. बैलाने गाडी ओढावी, शहाणपण शिकवू नये, असे म्हणून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सारे गाव तोरणापाशी जमले. कोशा मानाचा बैल. तो तोरणाखालून गेल्याशिवाय पोळा फुटत नसे. अंगावर झूल होती, शिंगे रंगवली होती, पण कोशा वेशीत जो बसला तो बसलाच. गूळ दाखवून झाला, शेपटी पिळून झाली. मागचे बैलही एकेक करून खाली बसले.

"काय शेठ," पाटील म्हणाले, "निशाण दारावर आणि बैल जमिनीवर?"

लोक हसले. एक म्हातारी तेवढी पुढे आली. कोशाच्या कपाळावर हात ठेवून तिने विचारले, "काय सलतंय रे लेकरा?"

कोशाने सगळे सांगितले. हसणे थांबले. त्या गायरानात प्रत्येकाची गाय चरत होती आणि त्या वर्षी कितीतरी गायी गाभडल्या होत्या.

चारचौघांत मान गेलेला धनी चिडून म्हणाला, गाळ उचलतो, उद्याच गाड्या जुंपा.

"आम्ही नाही," कोशा म्हणाला. "टाकायला आम्हाला जुंपलंत. आणायला तुम्ही स्वतःला जुंपा."

धन्याने पाटलांकडे पाहिले. पाटलांनी जू उचलले आणि त्याच्यापुढे धरले.

धनी आणि त्याचे मुनीम दिवाळीपर्यंत गाड्या ओढत राहिले. खांद्यांची साले निघाली. सगळा गाळ बापाच्या खड्ड्यात गेला. खड्डा भरला, तेव्हा धन्याने स्वतःच्या अंगणात दुसरा खणला, निम्मे हौद बंद केले आणि गाळातला रंग पुन्हा काढून घेऊ लागला. दारावरचे निशाण गावाने उतरवले.

हरण्या दसऱ्याआधीच मेला. गायरानात गुरे सोडता आली ती चौथ्या श्रावणात.

तात्पर्य: माल ज्याचा, त्याचा गाळही त्याचाच.