अकरा बटणांचा कोट आणि ठिपू मुंगी

पाळण्याखाली होती फरशी. फरशीला होती फट. फटीत होतं घर. त्या घरात राहायची ठिपू मुंगी. ठिपू एवढीशी, एवढीशी! तीळसुद्धा तिच्यापेक्षा मोठा.

पाळण्यात होतं बाळ. दुपारी बाळ निजायचं. मग आई पाटावर बसायची. डिंकाचा लाडू खायची. कुडुम कुडुम! लाडवाची एक कणी खाली पडायची. टप! ती कणी ठिपूची. रोजची. ठरलेली.

आज बाळाचं बारसं. दारात तोरण. घरात पाहुणे. बाहेर ऊन मी म्हणतंय. दुपार झाली. ठिपू फटीतून बाहेर आली. पाटाखाली बघितलं. कणी नाही. पाटामागे बघितलं. कणी नाही. ताटलीत लाडू अख्खाच्या अख्खा! आणि पाळण्यातून आवाज, "ट्यँहां! ट्यँहां!"

ठिपूच्या पोटात कावळे ओरडायला लागले. एवढ्याशा पोटात एवढाले कावळे! कसे मावले कोण जाणे.

ठिपू निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. आईकडे गेली.

"आई आई, लाडू खा ना! ठिपूला कणी मिळेना."

आई म्हणाली, "कशी खाऊ गं बाई? बाळ निजत नाही. त्याचं मऊ झबलं सकाळपासून शोधतेय, तेही सापडत नाही. आधी बाळाला नीज म्हण. मग मी लाडू खाईन."

ठिपू निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. बाळाकडे गेली.

"बाळा बाळा, नीज ना! आई लाडू खाईना, ठिपूला कणी मिळेना."

बाळ म्हणालं, "ट्यँहां! कसं निजू? कोट टोचतो. टोच टोच! आधी कोटाला निघ म्हण. मग मी निजेन."

आता हा कोट आला कुठून? बाबांनी आणला. दुकानात एका बाहुल्याच्या अंगावर बघितला. बाहुला काही रडला नाही. बाबा म्हणाले, "वा! अगदी आरामाचा दिसतोय."

कोट लाल. कोट जरीचा. कॉलर पुठ्ठ्यासारखी. आणि बटणं अकरा, सगळी पाठीला. बाळ निजतं पाठीवर, पण ते दुकानात कोणाला आठवतंय? बाबांनी मोजड्याही आणल्या. बाळाला चालता कुठे येतं? घड्याळ आणलं. बाळाला कुठे जायची घाई?

आई म्हणाली होती, "अहो, झबलं घालू या ना. माझ्या जुन्या सुती साडीचं शिवलंय. मऊ मऊ."

बाबा म्हणाले होते, "छट्! माझं बाळ आणि जुन्या साडीत?"

आणि बाबांनी स्वतःलाही तस्साच कोट आणला. बापलेक एकसारखे! फक्त बाबांच्या डोक्याला फेटा जास्तीचा.

ठिपू निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. कोटाकडे गेली.

"कोटा कोटा, निघ ना! बाळ निजेना, आई लाडू खाईना, ठिपूला कणी मिळेना."

कोट म्हणाला, "मी का आपण होऊन चढलो? अकरा बटणं आवळलीयत मला. आधी बाबांना बटणं सोडा म्हण. मग मी निघेन."

ठिपू निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. बाबांकडे गेली. बाबा होते आरशासमोर.

"बाबा बाबा, बटणं सोडा ना! कोट निघेना, बाळ निजेना, आई लाडू खाईना, ठिपूला कणी मिळेना."

बाबा म्हणाले, "हॅ! फोटोच्या आधी? पाच दुकानं पालथी घातली मी या कोटासाठी! आधी मामाला फोटो काढ म्हण. मग मी बटणं सोडेन."

बाबांची मान कॉलरीत गुबगुबीत दिसत होती. उशी ठेवल्यासारखी. ठिपूनं बघितलं.

ठिपू निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. शिरूमामाकडे गेली. शिरूमामा म्हणजे आईचा भाऊ. तो कॅमेरा घेऊन स्टुलावर उभा होता.

"मामा मामा, फोटो काढ ना! बाबा बटणं सोडेनात, कोट निघेना, बाळ निजेना, आई लाडू खाईना, ठिपूला कणी मिळेना."

मामा म्हणाला, "काढतो की! पण बारशाचा फोटो आत्याच्या मांडीवर. नाव तीच ठेवणार ना? आधी आत्याला बाळ घे म्हण. मग मी फोटो काढेन."

ठिपू निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. कुमुदआत्याकडे गेली. कुमुदआत्या म्हणजे बाबांची बहीण. ती पैठणी सावरत बसली होती.

"आत्या आत्या, बाळ घे ना! मामा फोटो काढेना, बाबा बटणं सोडेनात, कोट निघेना, बाळ निजेना, आई लाडू खाईना, ठिपूला कणी मिळेना."

आत्या म्हणाली, "नको गं बाई! रडक्या बाळाबरोबर फोटो? जन्मभर भिंतीवर राहील तो! आधी बाळाला हस म्हण. मग मी बाळ घेईन."

ठिपू निघाली. तुरु तुरु… तुरु… तुरु. पुन्हा बाळाकडे गेली.

"बाळा बाळा, हस ना! आत्या बाळ घेईना, मामा फोटो काढेना, बाबा बटणं सोडेनात, कोट निघेना, बाळ निजेना, आई लाडू खाईना, ठिपूला कणी मिळेना."

बाळ म्हणालं, "ट्यँहां! हसू कसं? कोट टोचतो!"

झाली का पंचाईत! कोट निघाला तर बाळ हसेल. बाळ हसलं तर फोटो निघेल. फोटो निघाला तर कोट निघेल. गोल गोल गोल! ठिपूचे सहाच्या सहा पाय दुखायला लागले. बाळाचं नाक लाल, गाल लाल, मान तर लालेलाल.

ठिपूनं बाबांकडे बघितलं. तोच कोट. तीच कॉलर. आणि बाबा शीळ घालतायत! यांना कसं टोचत नाही?

ठिपू चढली. बाबांच्या मोजडीवर. गुडघ्यावर. पोटावर. पोटावर जरा जास्त वेळ लागला. मग आली कॉलर. ठिपू आत डोकावली. आत काहीतरी मऊ मऊ. दुधाचा वास!

"अस्सं होय!" ठिपू म्हणाली.

आणि बाबांच्या मानेला कडकडून चावली. चट्ट!

"आई गं! मेलो!" बाबा उडाले. टुणुक टुणुक! टुणुक टुणुक! मोजडी गेली इकडे. फेटा गेला तिकडे. आणि कॉलरीतून बाहेर आलं काय?

बाळाचं झबलं!

एक बाही बाबांच्या कानावर. एक बाही बाबांच्या नाकावर.

"अहो," आई म्हणाली, "हे तुमच्या गळ्यात कसं?"

"कॉलर टोचत होती गं," बाबा हळूच म्हणाले. "मला वाटलं, रुमाल आहे."

"रुमालाला बाह्या असतात का हो?"

आत्या म्हणाली, "दादा, तुझी तेवढी मान! आणि बाळाची काय खुंटी?"

बाबांनी सुस्कारा सोडला. नाकावरची बाही हलली. फुर्र!

बाळानं ते बघितलं. खिद्! खिदी खिदी! खिदी खिदी!

बाळ हसलं. आत्यानं बाळ घेतलं. मामानं फोटो काढला. कचाक्! बाबांनी बटणं सोडली. एक, दोन, तीन, चार… आवळली होती त्यांनीच, सोडताना घाम फुटला त्यांनाच… नऊ, दहा, अकरा! कोट निघाला. आईनं झबलं घातलं. बाळ निजलं.

"अगं, नाव राहिलं!" आत्या म्हणाली.

"उठल्यावर ठेवू," आई म्हणाली. आणि पाटावर बसली.

आईनं लाडू खाल्ला. कुडुम कुडुम! कणी पडली. टप! आणि आणखी एक पडली. टप! दुसरी आईनं मुद्दाम पाडली, असं ठिपूला वाटतं.

फोटो अजून भिंतीवर आहे. बाळ कोटात हसतंय. मागे बाबा, गळ्यात झबलं, नाकावर बाही. येणारे विचारतात, "बारसं नक्की कोणाचं होतं हो?"

कोट गेला कपाटात. कणी गेली पोटात. ठिपू गेली फटीत.

पण एखादे बाबा दुकानात चकचकीत बटणं बघत उभे राहिले, की ठिपू निघते. तुरु तुरु, तुरु तुरु. पायावरून. पोटावरून. थेट कॉलरीपर्यंत.

गोष्ट वाचणारे बाबा, मान जरा बघून घ्या हं!