भरलेली ओटी

अंतोबा खोतांनी भर पेठेतलं जुनं घर पाडून नवं बांधलं आणि रस्त्याकडची ओटी मुद्दाम गाळली. जुन्या ओटीवर कासारीण, फुलवाली सावलीला बसून धंदा करत. आता त्या उन्हात आल्या.

"जेव्हा बघावं तेव्हा ओटी भरलेली. मला नाही खपत," खोत ज्याला त्याला सांगत.

पुढे सुनेचं डोहाळजेवण आलं. खोतांची भागीरथी आत्या खण-नारळ घेऊन आली, पण पेठेतल्या बायकांसह उंबऱ्याबाहेरच थांबली.

"आत्या, आत ये ना. सुनेची ओटी भरायचीय," खोत म्हणाले.

"कशी भरू, अंतू? भरलेली ओटी तुला खपत नाही ना?"

बायका पदराआड हसल्या. खोतांनी तिथूनच गवंड्याला निरोप धाडला, तेव्हा आत्या आत आली.

बारशाच्या दिवशी कासारीण नव्या ओटीवर बसून बांगड्या भरत होती आणि खोतांना चपला काढायला जागा नव्हती.