उंबरगडच्या राजाला उठवायचं कुणी?

राजाला रोज सूर्योदयाला जागं करायचं, आणि राजाला उठवायचं मात्र नाही! असलं काम आपल्या गळ्यात पडलंय हे धुरपाला कळलं, तेव्हा तिचं बिऱ्हाड उंबरगडावर येऊन पुरता दिवसही झाला नव्हता.

बाजारात कारभारी विसाजीपंतांनी सांगितलं होतं ते निराळंच. बुरुजावर सावलीत बसायचं. पाण्यावर तरंगणाऱ्या घटिकापात्राकडे लक्ष ठेवायचं. पात्र बुडालं की घटका भरली. मग टांगलेल्या काशाच्या तासावर टोला द्यायचा. "बसल्या जागेचं काम. म्हाताऱ्यालाही शेजारी बसव हवं तर," असं पंत म्हणाले होते. धुरपा तांबटाची लेक. वडिलांची, म्हणजे आबांची, दृष्टी गेल्यापासून घरची भट्टी थंड पडली होती, आणि त्यांना एकटं टाकून तिला कुठे कामाला जाता येत नव्हतं. तिने भर दरबारात वर्षभरासाठी विडा उचलला. उचललेला विडा परत ठेवायची उंबरगडात रीत नव्हती.

दुपार कलल्यावर पंत बुरुजावर आले आणि उपरण्याशी चाळा करत म्हणाले, "धुरपे, एक बारीकसं काम सांगायचं राहिलंच बघ."

ते बारीकसं काम असं होतं. धवलराजांचं घराणं सूर्यवंशी. सूर्य डोंगरावर वीतभर चढायच्या आत राजांनी त्याला अर्घ्य द्यायचं, ही घराण्याची चाल. पण राजांना पहाटेची झोप भारी प्रिय. सूर्याचा त्रास नको म्हणून त्यांनी निजायची खोलीसुद्धा पश्चिमेची घेतली होती. अर्घ्य चुकलं तर तास सांभाळणाऱ्याला शिक्षा. राजांना हाक मारून, हात लावून किंवा आवाज करून उठवलं, तरी शिक्षा. दिवसाचा पहिला टोलासुद्धा राजे उठल्यावरच द्यायचा. आणि शिक्षा म्हणजे गडाखालच्या तळ्यातून कावडीने पाणी वर आणत राहायचं.

आधीच्यांनी काय केलं, हे धुरपाने विचारून घेतलं. एकाने दाराशी बसून भूपाळी म्हटली होती. एकाने खिडकीखाली कोंबडा बांधला होता. एकाने धीर करून राजांचा अंगठा दाबला होता. तिघेही आता कावड वाहत होते.

"आणि कोंबडा?"

"तो मुदपाकखान्यात गेला," पंत म्हणाले.

"हे सगळं बाजारातच का नाही सांगितलं, कारभारी?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस का?"

पंत आले तसे गेले. ती मात्र तिथेच बसून राहिली. आपण कावड वाहायला गेलो तर आबांच्या हातात भाकरी कोण देणार, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. आपण विडा उचलायची घाई केली, नीट विचारायला हवं होतं, असंही तिला पुन्हा पुन्हा वाटत होतं.

शेजारी बसलेले आबा मात्र तास चाचपत होते. त्यांचा चेहरा वाकडा झाला. "शी! काय ही काजळी! तांबटाची लेक असला तास वाजवणार? चिंच आण."

मन रमेल म्हणून धुरपाने चिंच आणली. आबांनी तास घासघासून पुसला, तिने तो उचलून दोरीला टांगला. तास दोरीवर झुलला, कललेलं ऊन त्यावर पडलं आणि एक लखलखीत कवडसा बुरुजाच्या भिंतीवरून पळत गेला. धुरपा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मान वळवली. चौकापलीकडे, खाली, राजांच्या खोलीची पश्चिमेची खिडकी सताड उघडी होती.

"आबा," ती म्हणाली, "अजून थोडी चिंच आणू का?"

दुसऱ्या दिवशी डोंगरामागून पहिला किरण निघाला तो सगळ्यांच्या आधी उंच बुरुजावर आला. धुरपाने तास किंचित तिरका केला. कवडसा चौक ओलांडून खिडकीतून आत शिरला, पलंगावर चढला आणि राजांच्या पापणीवर जाऊन बसला. राजांनी कूस बदलली. कवडसा कानावरून नाकावर आला. राजे उठले, चिडले, इकडेतिकडे पाहू लागले. पण उठलेच होते, म्हणून अर्घ्यही वेळेवर दिलं. मग त्यांनी धुरपाला दरबारात बोलावलं.

"आम्हाला उठवलंस तू!"

"नाही महाराज. मी हाक मारली नाही, हात लावला नाही, टोलाही दिला नाही."

"मग कुणी उठवलं?"

"तुमच्या घरच्या थोरल्यांनी. ते उगवतात पूर्वेला, तुम्ही निजता पश्चिमेला. नातवाचं तोंड दिसेना, म्हणून बिचारे बुरुजावरून वळसा घालून आले. आता शिक्षा करायचीच तर कावड त्यांच्या खांद्यावर द्यावी लागेल."

दरबारात कुणाला तरी खोकला आला. राजांनी मिशीवरून हात फिरवला.

"आणि त्यांना वाट कुणी दाखवली? तास कुणी वळवला?"

"तास घासायचा, टांगायचा, सांभाळायचा. मी विडा त्याचाच उचलला, महाराज. कारभाऱ्यांनी याहून वेगळं काही सांगितलं असेल, तर त्यांनी आत्ता सांगावं."

विसाजीपंत आपल्या जोड्यांकडे फार बारकाईने पाहू लागले.

राजांना आता मजा वाटू लागली होती, पण त्यांनी हार मानली नाही. "बरं. पावसाळ्यात काय करशील? आभाळ गच्च भरलं, थोरले दिसलेच नाहीत, तर?"

धुरपाने पदर सावरला. "थोरलेच पांघरूण घेऊन निजले असतील, महाराज, तर त्यांच्याआधी धाकट्यांनी उठलेलं बरं दिसेल का?"

राजे आधी गालात हसले, मग मोठ्याने, आणि मग डोळे पुसत हसले. पावसाळाभर निजायची सोय त्यांना इतक्या रीतसर कुणीच करून दिली नव्हती! त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून धुरपाच्या ओंजळीत टाकला आणि वर आणखी काय हवं ते माग म्हणाले.

"कावडवाल्या तिघांना सोडा," धुरपा म्हणाली, "आणि मला बाजारात जे सांगितलं होतं, तेवढंच काम द्या."

"दिलं! पण मग गडावर पाणी कोण आणणार?"

"कारभारी नवीन माणूस शोधतीलच, महाराज. फक्त ते काम आधी चार दिवस त्यांनी स्वतः करून बघावं. म्हणजे बाजारात सांगताना काही राहून जाणार नाही."

राजे पुन्हा इतके हसले, की त्या दिवशीची दुसरी घटका भरल्याचा टोला दरबारात कुणालाच ऐकू आला नाही. बुरुजावर आबांनी मात्र पात्र बुडाल्याचा आवाज ऐकून तो अगदी वेळेवर दिला होता.