कोळ्याची कबुली

बोरगडचे राजे गुमानराव यांच्या मानेवर कोळी मुतला!

म्हणजे असं राजवैद्यांनी सांगितलं. महाराज सकाळी उठले तर डाव्या कानाखालपासून गळ्यापर्यंत फोडांची ही लांबलचक रांग, आणि आग तर अशी की उपरणंसुद्धा सोसवेना. वैद्यबुवांनी चष्मा पुसला, मान वाकडी करून पाहिलं आणि निकाल दिला, "कोळी मुतलाय. दुसरं काही नाही."

झालं! महाराज आधीच हट्टी, त्यात मानेची आग. त्यांनी राजवाड्यातली जळमटं काढणाऱ्या लखोबाला बोलावणं धाडलं. बिचारा वीस वर्षं लांब काठीला कुंचा बांधून कोपरे झाडत होता.

"लखोबा, माझ्या महालात कोळी राहिलाच कसा? तीन दिवसांत त्या कोळ्याला दरबारात हजर कर. आणि कुठलाही धरून आणशील तर खबरदार! त्यानं सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं गुन्हा कबूल केला पाहिजे, मग अपराध्याला शिक्षा होणारच. नाहीतर तू आणि तुझं घर, दोन्ही गावाबाहेर!"

आता कोळी बोलतो का हो? पण राजाला हे सांगणार कोण? लखोबा घरी आला तो डोक्याला हात लावून. "सारजे, भांडीकुंडी बांध," तो लेकीला म्हणाला. "या वयात कुठं जायचं गं आपण?"

सारजा वीस वर्षांची, तोंडानं फटकळ आणि बापापेक्षा हुशार. लहानपणापासून बापाच्या कुंच्याखाली वावरलेली, त्यामुळे भिंतीवरचा प्रत्येक कोळी तिला शेजाऱ्यापाजाऱ्यासारखा ओळखीचा. बापाच्या डोळ्यांत पाणी पाहूनही तिनं भांड्यांना हात लावला नाही.

"बाबा, काचेच्या चार बरण्या तेवढ्या आणा," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी दरबार खच्चून भरला. सारजानं बरण्या ओळीनं मांडल्या, तशी पुढच्या रांगेतली मानकरी मंडळी आपोआप मागच्या रांगेत गेली.

"महाराज, पहिला आरोपी," सारजानं बरणी उचलली. "लांब काड्यांसारखे पाय, इवलंसं पोट. छताच्या कोपऱ्यात उलटा लटकतो. जाळं नुसतं हलवा, हाच थरथर कापायला लागतो! हा काय राजावर चाल करून येणार?"

दरबारात खसखस पिकली.

"ही दुसरी. तळहाताएवढी, चपटी, भिंतीवर सुसाट पळते. हिला बघून राणीवशात किंकाळ्या उठतात. पण पोटाखाली पांढरी चकती दिसते ना, ती हिची अंडी. लेकुरवाळी आहे हो, झुरळं खाते! आणि हा तिसरा, उड्या मारणारा. जाळं विणत नाही, मान वर करून आपल्याकडे टकामका बघतो आणि झडप घालून माश्या पकडतो. महाराजांच्या नोकरीत बिनपगारी राबणारा हा एकटाच!"

"आणि ती चौथी?" महाराज बरणीवर वाकले.

"लांबून, महाराज!" सारजा एवढ्या जोरात ओरडली की महाराज दचकून मागे झाले. "ही काळीकुळकुळीत, गोल पोटाची, पाठीवर लाल पट्टा. ही मात्र खरी विषारी. हिला हात लावायचा नाही, राजानंसुद्धा नाही. पण ही जळणाच्या ढिगात दडून राहते, हात घातला तरच डसते. महाराजांनी जळणात मान घातली होती का?"

"आम्ही कशाला घालू?"

"मग हीही सुटली. आणि पहिल्या तिघांना मी परवाच माझ्या उजव्या हातावरून फिरवलंय. हा बघा हात. फोड सोडा, पुरळसुद्धा नाही! वैद्यबुवा, तुमच्या हातावर सोडू का एखादा?"

"नको नको, दिसतंय मला इथूनच!" वैद्यबुवा खांबाआडून म्हणाले.

महाराजांचा पारा चढला. "पुरे! माझा अपराधी कुठाय?"

"दरबारातच आहे. आत्ता कबूल होईल. फक्त एक सांगा महाराज, फोड आले त्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला आपण काय करत होता?"

"समईपाशी बुद्धिबळ खेळत होतो, मेव्हण्यांबरोबर."

"हरत होता?"

"त्याचा इथे काय संबंध?" महाराज लाल झाले. "हो, हरत होतो. त्यात मानेवर काहीतरी वळवळलं. दिली एक सणसणीत चापट! दिव्यावर येतो तो मुंगीएवढा तांबडा-काळा किडा होता. असा चिरडला, असा चोळला मानेवर, की नाव नको!"

"झाली कबुली!" सारजानं टाळी वाजवली. "सगळ्यांनी ऐकलं ना? स्वतःच्या तोंडानं!"

लखोबानं तर डोळेच मिटून घेतले.

"म्हणजे... अपराधी आम्ही?" महाराजांनी विचारलं.

सारजानं डाव्या हाताची बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत फोडांची तशीच लांब रांग! "रांगेनं फोड म्हटल्यावर मला दिव्यावरच्या किड्याचाच संशय आला, म्हणून परवाच तसला एक मी या हातावर चिरडला. तो चावत नाही महाराज, त्याच्या अंगातला रस भाजतो. फुंकर मारली असती तर उडून गेला असता. कोळी बिचारा कोपऱ्यात बसून तुमचा डाव बघत होता!"

महाराजांनी तिच्या हाताकडे पाहिलं, स्वतःच्या मानेला बोट लावलं आणि हळूच म्हणाले, "पोरी, अपराध्याला शिक्षा द्यायचं आम्ही बोलून बसलोय. आता गं?"

"शिक्षा कधीच झाली, महाराज! किड्याचा जागच्या जागी निकाल लागला आणि दुसऱ्या अपराध्याची मान चार दिवस जळतेय. आणखी किती कडक राज्य करायचं?"

महाराज असे खदखदून हसले की फोड दुखले. "आई गं!" म्हणत मान धरली आणि तरी हसतच राहिले. मग त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सारजाच्या हातात घातलं. उजव्या बरं का, डाव्या हाताला वैद्यबुवांनी लगेच लेप लावायचा हुकूम सुटला! आणि लखोबाला कायमची नोकरी, नवी काठी, नवा कुंचा, आणि खास फर्मान: महाराजांच्या महालातला एक कोपरा यापुढे झाडायचा नाही!