चूल विझवणारी मुलगी

फार पूर्वी उदुंबरनगरात दृढसेन राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व एका अमात्याच्या कुळात जन्माला आला होता. पोरक्या मुलांची सोय पाहण्याचे काम राजाने त्याच्याकडे दिले होते. ज्यांचे आईबाप साथीत किंवा पुरात गेले, अशी मुले तो नगरातल्या घरी सांभाळायला देई आणि त्या घरांना राजाच्या कोठारातून धान्य पोहोचवी. त्याला एक सवय होती. कुणी म्हणाले, की अमुक मूल वाईट आहे, तर तो विचारी, "म्हणजे ते नेमके काय करते?"

एका उन्हाळ्यात नदीपलीकडची वेत कापणाऱ्यांची वस्ती जळाली. त्या आगीत वेणुका नावाच्या मुलीचे आईबाप गेले. तिला आधी ज्या दोन घरी ठेवले, त्यांनी तिला परत आणून सोडले. मग बंधुल विणकर आणि त्याची बायको चंदिका यांनी तिला घेतले. पण महिनाही झाला नसेल, तोच चंदिका मुलीचा हात धरून बोधिसत्त्वाच्या दारी आली.

"अमात्य, पोरीला दुसरीकडे ठेवा. माझ्याच्याने होत नाही."

"ती काय करते?"

"चूल विझवते. दिवस मावळला, की घागर उचलते आणि चुलीत ओतते. एक निखारा ठेवत नाही. रागावून पाहिले, गोडीने सांगून पाहिले. बोलत नाही, नुसती बघते. सकाळी शेजारी विस्तव मागायला जावे, तर आता आळीत कुणी देत नाही. म्हणतात, हिचे पाऊल अशुभ आहे. काल आम्ही भिजवलेले पोहे खाऊन राहिलो."

"आणि तुम्ही झोपता कधी?"

हे तिला आजवर कुणी विचारले नव्हते. चंदिका खाली बसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

"थोडे दिवस कळ काढा," बोधिसत्त्व म्हणाला. "तोवर विस्तव मी आणत जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी अमात्य खापरात निखारे घेऊन बाजारातून निघाला. लोक थांबून पाहू लागले. राजा त्याला लवकरच प्रधान करणार, अशी बोलवा होती, म्हणून काही दरबारी त्याच्या घरी गेले आणि म्हणाले, की हे प्रधानाला शोभत नाही. त्याने त्यांना पाणी दिले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा निखारे घेऊन निघाला.

संध्याकाळी तो विणकराच्या घरी बसे. वेणुकेने घागर उचलली, तेव्हा त्याने तिला अडवले नाही. एक तांब्या भरून घेतला आणि तिच्या शेजारी उकिडवा बसून विचारले, "आधी कुठे ओतायचे?"

मुलीने चुलीकडे बोट दाखवले. "मागे," ती म्हणाली. "मागचे आत धुमसत राहते."

त्या घरात ती पहिल्यांदाच बोलली होती. दोघांनी मिळून चूल विझवली. मग रोज तसेच होऊ लागले. एकदा तिने विचारले, "तुमच्या घरी काय करतात?"

"निखारा राखेखाली झाकून ठेवतात."

"आणि मग तुम्ही झोपता?"

"झोपतो."

वेणुकेने मान खाली घातली. "मी चूल तशीच ठेवून पाण्याला गेले होते. परत आले, तर वस्ती नव्हती."

तुझी चूक नाही, असे बोधिसत्त्वाने लगेच म्हटले नाही. कारण ते त्याला अजून ठाऊक नव्हते. सकाळ होताच तो नावेने पलीकडे गेला. वाचलेल्यांना त्याने विचारले, कुणाची झोपडी कुठे होती, वारा कुठून होता. वेणुकेची झोपडी वस्तीच्या अगदी खालच्या टोकाला होती आणि ती सर्वांत शेवटी जळाली होती. आग माळावरून खाली आली होती. जळलेल्या गवतातून तो वर चढत गेला, तेव्हा माळाच्या माथ्यावर त्याला राजाच्या शिकारीच्या तंबूचे खुंट दिसले. हरणे उठवण्यासाठी हाकाऱ्यांनी गवत पेटवले होते. हे सगळ्यांना माहीत होते आणि भीतीने सगळे गप्प होते.

त्याने ते मुलीला सांगितले. तिने नाही म्हणून मान हलवली. "मला बरे वाटावे म्हणून तुम्ही सांगता. तुम्ही चांगले आहात, म्हणून."

तेव्हा बोधिसत्त्व राजाकडे गेला. "महाराज, वेत कापणाऱ्यांची वस्ती आपल्या शिकारीच्या आगीत जळाली. एक मुलगी समजते, की ती तिच्या चुलीने जळाली. आपण स्वतः सांगाल, तरच तिला पटेल."

"आणखी कोण म्हणते हे?"

"कोणी नाही."

"मग तूही म्हणू नकोस. प्रधानपदाची वस्त्रे तुझ्यासाठी तयार आहेत."

"ती वस्त्रे दुसऱ्या कुणालाही देता येतील, महाराज. तिला हे सांगणे मात्र आपल्यालाच जमेल."

राजाने त्याला बाहेर जायला सांगितले आणि प्रधानपद दुसऱ्याला दिले. बोधिसत्त्व पूर्वीसारखाच सकाळी निखारे घेऊन जात राहिला. एके दिवशी विणकरआळीच्या तोंडाशी एक शेजारीण खापर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अमात्य, तुम्ही इतक्या लांबून येता. आमची चूल जवळ आहे. उद्यापासून मी देईन." तिच्या मागून दुसरी म्हणाली, "दुपारी पोर माझ्याकडे बसेल. चंदिकेला जरा पडू दे."

इकडे अमात्याचे शब्द आठवून राजाला जेवण गोड लागेना. अखेर तो पायी विणकराच्या घरी आला आणि मुलीसमोर जमिनीवर बसला.

"आग माझ्या माणसांनी लावली," तो म्हणाला. "मीच सांगितले होते. तुझ्या चुलीने काही झाले नाही."

वेणुकेने विचारले, "मग विझवायला कुणी का आले नाही?"

 राजा तिथेच बसून राहिला. मुलगी रडू लागली, आणि चंदिकेने तिला जवळ ओढून घेतले. त्या दिवसापासून राज्यात शिकारीसाठी गवत पेटवणे बंद झाले. आणि जे घर पोरके मूल सांभाळी, त्या घरी धान्याबरोबर एक माणूसही जाऊ लागला, ज्याचे काम एवढेच, की घरच्यांना काय जड जाते ते विचारावे आणि हात लावावा.

वेणुकेने चूल विझवणे एकदम सोडले नाही. कधी ती निखारा ठेवी, कधी पाणी ओती. विझवला, तर आळीतून विस्तव येई. ती त्याच घरी वाढली.

एवढी कथा भिक्षूंना सांगून त्यांचे गुरू, शास्ता, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा दृढसेन राजा म्हणजे तिथे मागे बसलेला हा वृद्ध भिक्षू. चंदिका आणि बंधुल म्हणजे आज आपल्याला दान देणारे विणकर पतिपत्नी. वेणुका म्हणजे ती भिक्षुणी, जी विहारात नव्याने आलेल्या मुलींची पथारी आपल्या शेजारी घालते. अमात्य मी होतो. त्या जन्मात मी जी आचरली, ती करुणा. आणि ती जशी मुलीवर, तशीच तिला सांभाळणाऱ्या घरावरही होती."