सहाव्या गुरुवारची टोपी

"...आणि तीही उसवलीस?" अलोणीबाबांनी विचारलं.

"उसवली, बाबा. चौथ्या ओळीत एक टाका सुलट हवा होता, तो उलट पडला. लक्षात आलं बाराव्या ओळीत. म्हणजे मग..."

"अख्खी उसवलीस."

"नाही, नाही. पहिल्या तीन ओळी ठेवल्या." विश्वंभरराव पिंपळापुरे घुटमळले. "तसं पाहिलं तर त्यांचाही भरवसा वाटत नाही."

"अरे, सुगरण एवढ्या दिवसांत घरटं विणून पिलं उडवते!"

विश्वंभररावांनी मान खाली घातली. चाळीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेला माणूस. पण मन थाऱ्यावर राहीना, म्हणून कार्तिकात टेकडी चढून या मठात आले होते. मीठ न खाणाऱ्या या म्हाताऱ्या बैराग्यानं त्यांना सांगितलं होतं: एक पुस्तक वाच, हातानं एक वस्तू कर, आणि दर गुरुवारी येऊन काय झालं ते सांग.

आज सहावा गुरुवार. तसं सांगून आपण चुकलो, असं आता बाबांना वाटू लागलं होतं.

"बरं, पुस्तक?"

"पहिलं प्रकरण पाचव्यांदा वाचलं. एक शंका राहिलीय. अक्काला वाचून दाखवायचं, तर आधी आपल्याला नीट कळायला नको? तिनं मध्येच काही विचारलं म्हणजे?"

"ही अक्का कोण?"

"माझी थोरली बहीण. नागपुरात असते. टोपीही तिच्यासाठीच."

"थंडी फार बाधते का तिला?"

विश्वंभरराव लोकरीच्या गुंड्याकडे बघत राहिले.

"औषधांनी केस गेलेत तिचे... सगळे. दिवाळीपासून दवाखान्यात आहे."

 बाबांचा आवाज चढला.

"सहा आठवडे मला टाके मोजून सांगतोस. आणि हे आज सांगतोस?"

"आपण विचारलं नव्हतं."

"भेटून आलास?"

"टोपी घेऊनच जाईन म्हटलं. रिकाम्या हातानं कसं..."

"टोपी तर तू उसवतोस!"

"चांगली व्हायला नको, बाबा? आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिच्यासाठी काहीबाही कसं..."

"माप कुठलं घेतलंस?"

"विणकामाच्या पुस्तकातलं. प्रौढ स्त्री, मध्यम."

बाबांनी वर आढ्याकडे पाहिलं. गुडघ्यांवर हात देत ते उठले, विश्वंभररावांच्या मांडीवरचं विणकाम त्यांनी उचललं आणि सुईसकट आपल्या तुळतुळीत डोक्याभोवती गुंडाळलं. सुई कानावर आडवी लोंबू लागली. गुंडा घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेला.

"अहो बाबा! टाके निसटतील!"

"चूक दाखव."

"अं?"

"तर्कशास्त्राचा मास्तर ना तू? कुठं चुकलंय ते दाखव. बोट ठेव."

विश्वंभरराव चष्मा सारखा करत जवळ गेले. पहिली ओळ मोजली. दुसरी... तिसरीशी आले आणि लोकरीच्या कडेला नजर अडली. उघडी कातडी. पातळ, निळ्या शिरांची, गारठ्यानं काटा आलेली.

बोट तसंच हवेत राहिलं.

"मला बघवणार नाही तिला," ते म्हणाले. "खरं सांगतो, बाबा. बघवणार नाही."

बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं. झाडून संपलं.

बाबांनी डोक्यावरचं विणकाम काढलं, पुस्तकावर ठेवलं आणि दोन्ही विश्वंभररावांच्या पिशवीत कोंबलं.

"नागपूरची गाडी किती वाजता?"

"साडेअकरा. पण बाबा, टोपी धड तीन बोटांचीसुद्धा नाही. आणि ती पुस्तकातली शंका..."

"ऊठ."

विश्वंभरराव उठले. पिशवी छातीशी धरून दारापर्यंत गेले, चपलेत पाय घातला, काढला, परत घातला. मग वळलेच.

"आणि पुढल्या गुरुवारी येऊन सांगू काय?"

बाबांनी उंबऱ्यातला गुंडा उचलून त्यांच्या हातावर आपटला.

"ती काय बोलली ते."