खिशातला हुकूम

माझ्या गोष्टीतलं निम्मं खोटं असतं, हे सगळा तालुका जाणतो. निम्मं कुठलं, ते तुम्ही ठरवा.

लम्पीच्या साथीनं आमच्या गावची एकवीस जनावरं नेली होती. तरी बाजार समितीचे सभापती फत्तेसिंगराव गुरांचा बाजार भरवायचा हुकूम खिशात घालून चावडीवर आले. जनावरांच्या डॉक्टरांनी हात जोडले, "साहेब, विषाणू पसरेल."

"तुमचा विषाणू जिवंत की मेलेला? जिवंत असेल तर मोकळ्या मैदानात उपाशी मरेल. मेलेला असेल तर मेलेल्याला काय भ्यायचं?"

मागून सुंद्राबाई उठली. तिच्या हौशा बैलाला आदल्याच दिवशी पुरलं होतं. त्याची घुंगुरमाळ तिच्या हातात होती.

"सभापती, तुमच्या खिशातला हुकूम जिवंत की मेलेला?"

"कागद कुठं जिवंत असतो, बाई?"

"विषाणूही तसलाच. हौशाच्या उशाशी बसून डॉक्टरांनीच सांगितलंय मला. वर पाकीट, आत चिठ्ठी; ना तोंड, ना पोट. पण जनावराच्या अंगात पाकीट फुटलं, की अंगच ती चिठ्ठी वाचतं, तसल्या हजार चिठ्ठ्या लिहीत बसतं आणि लिहिता लिहिता मरतं. तुमचा कागदही खिशात आहे तोवर मेलेला. गावानं वाचला, की जिवंत."

चावडी खो खो हसली. हुकूम खिशातच राहिला, बाजार भरला नाही.

सुंद्राबाई घरी गेली आणि तिनं सवयीनं गव्हाणीत दोन पेंढ्या टाकल्या. उरलेल्या बैलानं आपली खाल्ली. दुसरीला तोंड लावलं नाही.

एवढं मात्र खोट्या निम्म्यात धरू नका.